वीस किलोमीटरपर्यंतचा शेषराव

आसेगावात ‘शेषराव कुठे आहे’ असं विचारलं तर लोक आधी नळाकडे बघतात. नळाला पाणी असेल तर तो गावात कुठेतरी आहे, नसेल तर अजून यायचाय. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. गावात पाण्याचे नऊ व्हॉल्व्ह आहेत आणि ज्यानं कोणी ते बसवले त्यानं एकही दुसऱ्याच्या जवळ बसणार नाही याची काळजी घेतलेली आहे. एका गल्लीला पंधरा मिनिटं पाणी आलं आणि शेजारच्या गल्लीला सोळा, तर त्या एका मिनिटापायी दोन दिवस भांडण चालतं. म्हणून शेषराव व्हॉल्व्हपासून व्हॉल्व्हपर्यंत चालत जात नाही, पळत जातो. हातात लोखंडी पाना, डोक्याला मफलर, आणि अंगावरचं मांस वीस वर्षांच्या पळापळीत कुठे गळून पडलं ते त्यालाही माहीत नाही.

असा हा निरुपद्रवी माणूस गेल्या हिवाळ्यात जळत होता. साधासुधा नव्हे, ओल्या लाकडासारखा. आग दिसत नव्हती, पण जवळ बसणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

कारण होतं किशन.

किशन गावाजवळच्या तांड्यावरचा, चोवीस वर्षांचा. सात वर्षांचा असताना गोवर अंगावर निघाला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. आईबाप ऊसतोडीला जाणारे. त्यांनी पोराला अंध विद्यालयात घातलं आणि तिथे तो मैदानाला बांधलेल्या दोरीला हात लावून पळायला शिकला. शिक्षण संपवून तांड्यावर परतला तेव्हा पाय होते, रस्ता होता, पण सोबत पळणारं कोणी नव्हतं. मग एका पहाटे तो काठी टेकत पाण्याच्या टाकीखाली येऊन उभा राहिला.

“काका, तुमी रोज पयता. मले आयकू येते. मलेबी घेऊन पयत जा ना.”

“अबे, मी पयत नाई. पानी सोडतो.”

“मंग पानी सोडता सोडता न्या.”

शेषरावाला नाही म्हणायला वेळ नव्हता. चौथ्या गल्लीची वेळ झाली होती.

पाच वर्षं झाली त्याला. सुती दोरीचा वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना फास, एक किशनच्या उजव्या हातात आणि एक शेषरावाच्या डाव्या. नऊ व्हॉल्व्हवरून सुरुवात झाली ती पुढे मंगरूळपीरच्या रस्त्याला लागली, आणि मग मॅरेथॉनपर्यंत गेली. या शर्यतीचे नियम शेषरावाला तोंडपाठ आहेत. सोबत्यानं आंधळ्या धावपटूला ओढायचं नाही. ढकलायचं नाही. आणि शेवटची रेषा ओलांडताना सोबत्यानं पुढे जायचं नाही. गेला तर दोघेही बाद. “चुकून पोटबी पुढं गेलं नाई पायजे,” शेषराव सांगतो. त्याला पोट नाही, पण नियम म्हणजे नियम.

बाकी सोबत्याचं खरं काम तोंडाचं. आणि तिथे शेषरावाला तोड नव्हती. गावात एरवी हा माणूस ‘हाव’ आणि ‘नाई’ यांच्या पलीकडे जात नाही. दोरी हातात आली की त्याची वाचा फुटे.

“डाव्या हाताले गड्डा. आता सोड, गेला. उजवीकडं भुरीबाईची म्हैस, पाठ करून उभी हाये. पुढं ब्रेकर, तीन, दोन, एक, उचल पाय! हरभऱ्याचा वास आला का? शेंडे खुडले वाटते कोनी. समोरून मास्तराची गाडी येऊन राह्यली. आज चक्क इस्त्रीचा शर्ट, बाप्पा! सासऱ्याकडं चालला असंन.”

किशन हसत हसत पळायचा. त्याला आसेगावची जेवढी माहिती होती तेवढी डोळे असलेल्या तलाठ्यालाही नव्हती.

या सगळ्यात पहिल्यांदा जळलं ते शेषरावाच्या घरात. त्याची बायको रंगूबाई एकदा चुलीपुढे बसून म्हणाली, “लग्नाले चोवीस वर्षं झाले. मले कधी म्हनलं का, रंगू, पुढं गड्डा हाये?”

“तुले दिसते ना.”

“दिसते म्हनून सांगू नये का मानसानं? त्या पोराले म्हशीची पाठ सांगता. मी सनावाराले नवं लुगडं नेसली त तुमी म्हनता, पंप सुरू झाला का पाह्य.”

शेषरावाला हसू आलं. बायकांचं काहीतरीच असतं, असं त्याला वाटलं. तेव्हा त्याची पाळी आलेली नव्हती.

ती आली अमरावतीच्या शर्यतीत. बत्तिसाव्या किलोमीटरला शेषरावाच्या पोटरीत गोळा आला. वय शेहेचाळीस, पायात भाचीच्या लग्नात मिळालेले बूट. किशनमध्ये दम शिल्लक होता, पण दोरी सोडून जाणार कुठे? शेवटचे दहा किलोमीटर लोकांनी एक अजब दृश्य पाहिलं: आंधळा पुढे आणि डोळस त्याच्या मागे लंगडत. सोबत्यानं धावपटूला ओढू नये असा नियम आहे. धावपटूनं सोबत्याला ओढलं तर काय करायचं, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून पंचांनी चालू दिलं. वेळ लागला तीन तास एक्केचाळीस मिनिटं.

राज्याच्या संघात जायचं तर साडेतीनच्या आत यायला हवं होतं. निवडीची शेवटची शर्यत जानेवारीत वाशीमला होती. त्यानंतर पुढची दोन वर्षांनी.

वाशीमच्या वर्षाराणी मॅडम किशनला धावण्याचं शिकवायच्या. त्यांनी शेषरावाला बाजूला घेतलं आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात सांगितलं, “शेषरावभाऊ, नियमानं सोबती बदलता येतो. दहा, वीस आणि तीस किलोमीटरला. वीसपर्यंत तुम्ही न्या. पुढं बादल नेईल.”

“बादल कोन?”

बादल कारंज्याचा. पंचवीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. मैदानी चाचणीत दोनदा पहिला आणि लेखी परीक्षेत दोनदा नापास. मनगटावर घड्याळ, जे वेळेशिवाय बाकी सगळं सांगतं. माणूस उद्धट निघाला असता तर शेषरावाची सोय झाली असती. पण बादलनं आल्या आल्या वाकून पायांना हात लावला आणि म्हणाला, “काका, तुमचं नाव लय आयकलं.” आता असल्या माणसाचा राग करायचा तरी कसा? शेषरावाला बरेच कष्ट घ्यावे लागले. आधी त्यानं बादलच्या घड्याळाचा राग केला. मग बुटांचा. मग त्याच्या दातांचा, ते फारच सरळ होते.

पण खरा काटा वेगळाच होता. वीस किलोमीटरनंतर दोरी बादलच्या हातात. म्हणजे शेवटची रेषा बादलची. टाळ्या बादलच्या. किशन धापा टाकत ‘झालं का काका?’ असं विचारतो तो क्षण, तोही बादलचा. बेचाळीसपैकी वीस म्हणजे अर्धंसुद्धा नाही. शेषरावानं हा हिशेब व्हॉल्व्ह फिरवता फिरवता इतक्यांदा केला की एकदा तिसऱ्या गल्लीला चाळीस मिनिटं पाणी गेलं. तिसरी गल्ली त्याला अजून दुवा देते.

आणि मग बादलनं आपणहोऊन मान पुढे केली. “काका, किशनभाऊसंगं पयताना काय ध्यानात ठेवाचं?”

शेषरावानं हातातला पाना पुसला. मग म्हणाला, “एकच. बोलाचं नाई.”

“बिलकुल नाई?”

“डावं, उजवं, ब्रेकर. तीन शब्द. चवथा काढला का त्याचा दम तुटते. त्याले शांतता लागते, बाबू. लय नाजूक हाये तो.”

बादलनं मान हलवली, आणि मनावर घेतलं. लेखी परीक्षेत इतकं मनावर घेतलं असतं तर एव्हाना फौजदार झाला असता.

पुढच्या रविवारी बादल आणि किशन तीस किलोमीटर पळून आले. शेषराव टाकीखाली वाट बघत बसला होता. बादल पाणी प्यायला गेल्याबरोबर त्यानं विचारलं, “कसं वाटलं?”

“पयते चांगला,” किशन म्हणाला. “पन असं वाटते का कोनी यष्टीच्या मांगं बांधून देल्लं. रस्ता सरते, पन कोनता रस्ता होता ते समजत नाई.”

“होईन सवय,” शेषराव म्हणाला. आवाजात दुःख आणायचा त्यानं प्रामाणिक प्रयत्न केला.

त्या दिवशी घरी त्यानं दोनदा भाजी मागून घेतली. रंगूबाईनं परातीतून मान वर केली.

“कोनाचं वाईट झालं?”

“काहून?”

“तुमी दुसऱ्यांदा भाजी घेतली. आन् गानं म्हनत आले.”

शेषरावानं मग सगळं सांगितलं. सांगताना आपण किती हुशारी केली असंच त्याला वाटत होतं. रंगूबाई ऐकून घेत राहिली. भाकरी थापायची थांबली नाही.

“हे माह्या वयखीचं दुखनं हाये,” ती म्हणाली. “पाच वर्षं झाले, म्या भोगलं. पहाटं तुमी त्या पोरासंगं हसत जात होते, मी इथं चुलीसंगं. लय जीव जये. पन म्या कधी तुमची दोरी लपवून नाई ठेवली.”

शेषरावानं मोठा घास तोंडात कोंबला. तो पाण्यानं उतरवला आणि विषय बदलावा म्हणून पंप सुरू झाला का ते बघायला बाहेर गेला. खोटं मात्र मागे घेतलं नाही. उद्या सांगू, असं म्हणाला. मग परवा. बादल रोज मुका पळत राहिला आणि किशन रोज उतरलेल्या तोंडानं परत येत राहिला, आणि रोज शेषरावाला थोडं बरं आणि थोडं वाईट वाटत राहिलं. थोडं बरं जास्त.

शर्यतीच्या दिवशी वाशीमला थंडी मी म्हणत होती. रस्ता मंगरूळपीरच्या बाजूचा: एकवीस किलोमीटर जायचं, वळायचं, त्याच रस्त्यानं परत. अंधांच्या गटात चौघे. पंचांनी चौघांच्याही डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधल्या, कुणाला थोडंफार दिसत असेल तर फायदा नको म्हणून. किशन म्हणाला, “काका, हे म्हंजे टकल्याले सांगनं का टोपी घाल, केस उडतीन.” शेषराव हसला. आज वीस किलोमीटरपर्यंत हा पोरगा माझा आहे, एवढंच त्याच्या मनात होतं. बादल विसाव्या किलोमीटरला उभा राहायला आधीच गेला होता. रंगूबाई गावातल्या धम्मरत्नच्या ऑटोत बसून मागून येणार होती.

पळायला सुरुवात झाली. शेषरावानं त्या दिवशी तोंडाचा नळ पूर्ण उघडला. पाच मिनिटांना एक किलोमीटर, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. वर तोंड चालू. तूर कापलेली. कापसाचे ट्रॅक्टर उभे. ढाब्यावरचा माणूस तोंड धुऊन राह्यला. पण किशन हसत नव्हता. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता.

“काय म्हनून राह्यला बे?”

“काई नाई. तुमी सांगा.”

“पुढं पूल. पुलाच्या आंदी ब्रेकर. पूल सरला का डावीकडं लंबा गड्डा, दहा पावलं.”

“पूल. मंग ब्रेकर. पुलाच्या आंदी उजवीकडं गड्डा, दहा पावलं,” किशन हळूच म्हणाला.

“उजवीकडं नाई, भैताडा. डावीकडं.”

“येतानी उजवीकडंच येईन ना, काका.”

शेषरावाला दोन पावलं कळलं नाही. तिसऱ्या पावलाला कळलं. पोरगा रस्ता पाठ करत होता. उलटा. येताना बादलच्या तीन शब्दांपलीकडे कोणी काही सांगणार नाही, म्हणून जातानाच सगळे खड्डे, ब्रेकर, वळणं मोजून, डाव्याचं उजवं करून डोक्यात ठेवत होता. तेरा किलोमीटरचं पाठ झालेलं होतं. वीस किलोमीटरचा रस्ता, उलट्या बाजूनं, आणि वर पळायचं.

शेषरावाचा तोंडाचा नळ बंद पडला. आयुष्यात पहिल्यांदा दोरी हातात असून तो शंभर पावलं गप्प राहिला.

“काका, थांबले काहून? ब्रेकर नाई ना गेला?”

“नाई. आता येते.” मग तो सांगत सुटला; आता म्हैस नाही, मास्तर नाही, फक्त रस्ता. चौदा, पंधरा, सोळा. अठराव्याला पोटरीत जुना गोळा हलला. त्यानं दात खाल्ले. एकोणीस. लांबून बादल दिसला, उड्या मारत अंग गरम करताना. ते सरळ दात दिसले. शेषरावाच्या पोटात नेहमीचं जळू लागलं आणि तो मनातल्या मनात म्हणाला, अजून गप्प बसता येईल. कोणाला कळणार नाही.

विसाव्याची खूण आली. पंचांसमोर दोरीचा फास त्यानं हातातून काढला आणि बादलच्या हातात सरकवला. नियमानं आता त्यानं रस्त्याच्या कडेला व्हायचं होतं. तो झाला, आणि मग छातीत राहिलेल्या सगळ्या हवेनिशी ओरडला:

“बादल! बोल त्याच्यासंगं! बोल बे! म्या खोटं सांगतलं होतं!”

“काय बोलू?” बादल मान मागे वळवून ओरडला. त्याला खरंच कळेना. पंधरा दिवस त्यानं गप्प बसण्याचा सराव केला होता.

“जे येईन ते!”

ते दोघे पुढे गेले. पंचांनी शेषरावाकडे रोखून बघितलं, पण ओरडलेलं वाक्य कुठल्या नियमात बसवावं ते त्यांना सुचलं नाही. शेषराव मैलाच्या दगडावर बसला आणि पोटरी दाबत राहिला. धम्मरत्नचा ऑटो आला. रंगूबाईनं त्याला बखोट धरून आत ओढलं आणि एक शब्द विचारला नाही. तिनं ऐकलं होतं. अर्ध्या तालुक्यानं ऐकलं होतं.

ऑटो रस्त्याच्या पलीकडच्या अंगानं वाशीमकडे निघाला, आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास ते दोघे दिसले. शेषरावानं मान बाहेर काढली. बादलचं तोंड चालू होतं. पण त्याला खड्डे आणि ब्रेकर सोडून येत होतं ते एकच, लेखी परीक्षेचं. वाऱ्यावरून तुकडे ऐकू आले.

“गड्डा डावीकडं! महाराष्ट्रात जिल्हे किती?”

“छत्तीस!”

“ब्रेकर! उचल! सर्वांत उंच शिखर?”

“कळसुबाई! आन् कळसुबाईले फोन करून सांग, किशन येऊन राह्यला!”

आणि किशन हसला. खो खो. तेच हसू, जे शेषरावाला वाटत होतं की आसेगावच्या म्हशींशिवाय निघत नाही.

“पाह्य,” शेषराव रंगूबाईला म्हणाला. “बोल म्हनलं होतं. हसव कोनी म्हनलं होतं?”

“गप बसा,” रंगूबाई म्हणाली, पण तिनं त्याच्या पोटरीवर हात ठेवला होता आणि तो काढला नाही.

किशन तीन तास अठ्ठावीस मिनिटांत आला. बादल बरोबर अर्धं पाऊल मागे. मॅडम उड्या मारत होत्या. लाउडस्पीकरवरून किशनचं नाव पुकारलं, बादलचं पुकारलं, आणि मग प्रायोजकांची नावं सुरू झाली. शेषराव पाण्याच्या टेबलामागे उभा होता. डोळे का ओले आहेत हे त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं. आनंद होताच. पण आनंदाच्या मध्यभागी एक निखारा होता, आणि तो विझायचं नाव घेत नव्हता.

किशननं पट्टी काढली, बादलला काहीतरी सांगितलं आणि बादल त्याला टेबलापाशी घेऊन आला.

“काका, तुमी हाये ना अथी? पोटरीले लावलेल्या बामचा वास येऊन राह्यला.”

“हावो.”

“मले माहीत होतं.”

“काय?”

“तुमी याले बोलू नको म्हनलं ते. यानं पयल्याच दिवशी सांगतलं. मले म्हने, भाऊ, तुमाले शांतता लागते म्हनतात काका. मी म्हनलं, हाव, लागते.”

शेषरावाला जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं झालं. “मंग काहून म्हनलं तसं, लेका? तुही निवड गेली असती ना!”

“म्हनून त रस्ता पाठ करून राह्यलो होतो.” किशन पाणी प्यायला. थोडं सांडलं, त्यानं पुसलं नाही. “काका, मी सात वर्षांचा होतो तवापासून लोक मले पाहून च् च् करतात. माय रडते. मास्तर डोक्यावर हात ठेवते. सगळ्यायले माही कीव येते. माह्यापायी कोनी कोनावर जयलं, असं आजपर्यंत झालं नाई. तुमी पयले मानूस. मले लय बरं वाटे, काका. वाटलं, अजून थोडे दिवस जयू द्यावं.”

बादल बिचारा मध्ये उभा होता. कुठे बघावं ते न कळून घड्याळ बघत होता.

शेषरावानं नाक शिंकरलं. मफलरनंच. मग बादलकडे वळून जरा दरडावून म्हणाला, “तुले गड्डा सांगता येत नाई. गड्डा आल्यावर सांगून काय फायदा? तीन पावलं आंदी सांगाचा. आन् नुसतं शिखर-जिल्हे नाई चालत. रस्त्यावर काय हाये ते सांगाचं. शिकवतो. परवापासून आसेगावले येत जाय.”

“येतो, काका. किती वाजता? पाचले?”

शेषरावानं किशनकडे पाहिलं. मग रंगूबाईकडे. मग पुन्हा त्या सरळ दातांकडे.

“साडेपाचले ये,” तो म्हणाला. “साडेचार ते साडेपाच तो माह्यासंगं असते.”